गाव फडावर, सभा गावात

गावाने आपला आराखडा आपणच ठरवावा, हे 2018 साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचे तत्त्व स्तुत्य होय. बदलत्या हवामानाशी शेतीने जुळवून घ्यावे, हा त्याचा हेतू. परंतु गाव म्हणजे कोण? बीडचा ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास घर सोडतो. 26 जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा तो सांगली-कोल्हापूरच्या फडात असतो. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’! हिशेबातही जिला स्वतंत्र अंक नाही, तिला सभेत आवाज कोठून यावा? अवर्षणाचा पहिला घाव ज्यांच्यावर, त्यांच्याच गैरहजेरीत उपायांवर शिक्कामोर्तब व्हावे, हा कोणता न्याय? आराखड्याच्या सभा मजूर घरी असताना, पावसाळ्यातच घ्याव्यात, अशी आमची शासनास आग्रहाची सूचना आहे.