अल्फा-रोधक औषधे : कार्यपद्धती, उपयोग आणि विंचूदंशावरील प्राझोसिन

प्रस्तावना

एखादे औषध ज्या विकारासाठी निर्माण झाले, त्यापेक्षा निराळ्याच विकारात ते अधिक मोलाचे ठरल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात आढळतात. 'प्राझोसिन' हे त्यांपैकी एक होय. उच्च रक्तदाबावरील औषध म्हणून ते १९७० च्या दशकात वापरात आले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मात्र विंचूदंशाने दगावणारी माणसे वाचविणारे औषध म्हणून त्याची खरी ओळख झाली. प्राझोसिन ज्या अल्फा-रोधक गटात मोडते, त्या गटाचे कार्य कसे चालते आणि त्याचा उपयोग कोठे होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. तेरणेच्या काठावरील तेरसारख्या गावात दगडमातीच्या जुन्या भिंती, सरपण आणि गोवऱ्यांचे ढीग यांत विंचवाला हवा तसा आसरा मिळतो. तेथे हा विषय केवळ औषधशास्त्राच्या वर्गापुरता राहत नाही.

अल्फा ग्राही आणि त्यांचा अवरोध

भीती, श्रम किंवा संकट यांच्या प्रसंगी शरीरातील अनुकंपी मज्जासंस्था अ‍ॅड्रेनलिन व नॉरअ‍ॅड्रेनलिन ही रसायने स्रवते. ही रसायने पेशींच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनांना, म्हणजे ग्राहींना, चिकटतात आणि त्यानंतरच पेशीला संदेश पोहोचतो. हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये अर्गटच्या अर्कावर प्रयोग केले. हा अर्क आधी दिल्यास अ‍ॅड्रेनलिनमुळे वाढावयाचा रक्तदाब उलट घटतो, असे त्यांना दिसले. या कोड्याचा उलगडा रेमंड आलक्विस्ट यांच्या १९४८ मधील संशोधनामुळे झाला. या रसायनांचे ग्राही दोन प्रकारचे आहेत असे मांडून त्यांनी त्यांना अल्फा व बीटा अशी नावे दिली.

पुढे अल्फा ग्राहींचेही दोन उपप्रकार मानले गेले. अल्फा-१ ग्राही प्रामुख्याने रक्तवाहिन्यांच्या भित्तींत, मूत्राशयाच्या मुखाशी, प्रोस्टेट ग्रंथीत आणि डोळ्याच्या बाहुलीच्या स्नायूत असतात. ते उद्दीपित झाले की पेशीतील कॅल्शियमचे प्रमाण वाढते आणि अनैच्छिक स्नायू आकुंचन पावतात. अल्फा-२ ग्राहींचे काम वेगळे आहे. मज्जातंतूच्या टोकाशी असलेले हे ग्राही नॉरअ‍ॅड्रेनलिन पुरेसे स्रवले की पुढील स्राव आवरतात. त्यांना लगाम म्हणण्यास हरकत नाही.

अल्फा-रोधक औषध ग्राहीची जागा अडवून बसते, पण स्वतः कोणताही संदेश देत नाही. फेनॉक्सिबेन्झामीन व फेन्टोलामीन ही जुनी औषधे दोन्ही उपप्रकारांना अडवितात. परिणामी रक्तवाहिन्या सैल होतात हे खरे, परंतु लगामही सुटतो, नॉरअ‍ॅड्रेनलिन अधिक स्रवते आणि हृदयाची धडधड वाढते. प्राझोसिन केवळ अल्फा-१ ग्राहींना अडविते. त्यामुळे हा दोष त्यात पुष्कळ कमी आहे. या भेदाचे महत्त्व विंचूदंशाच्या संदर्भात विशेष लक्षात येते.

उपयोग व मर्यादा

आज या गटातील औषधे सर्वाधिक घेतली जातात ती वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीमुळे होणाऱ्या मूत्रविकारांसाठी. टॅम्सुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन ही त्यांतील परिचित नावे. ही औषधे ग्रंथी लहान करीत नाहीत. ती केवळ तेथील स्नायू सैल करून मूत्रमार्ग मोकळा करतात. म्हणूनच त्यांचा गुण थोड्या दिवसांत दिसतो, पण औषध थांबविले की त्रास परततो. अधिवृक्क ग्रंथीतील फिओक्रोमोसायटोमा या गाठीच्या शस्त्रक्रियेपूर्वीही अल्फा-रोधक देतात. तेथे बीटा-रोधक आधी दिल्यास रक्तदाब धोकादायक रीतीने वाढू शकतो, म्हणून हा क्रम कटाक्षाने पाळावा लागतो.

मूळ हेतूच्या, म्हणजे उच्च रक्तदाबाच्या, बाबतीत मात्र या गटाचे स्थान घसरले आहे. अमेरिकेतील 'ऑलहॅट' या मोठ्या चाचणीत डॉक्साझोसिन घेणाऱ्या रुग्णांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले आणि २००० साली चाचणीचा तो भाग थांबविण्यात आला. पहिल्या मात्रेनंतर उभे राहताच रक्तदाब कोसळून चक्कर येणे, हा या गटाचा जुना दोष आहे. टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांच्या डोळ्यातील पडदा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी शिथिल पडतो, हे २००५ मध्ये निदर्शनास आले. लघवीच्या गोळ्यांचा डोळ्याशी काय संबंध, असे वाटून वृद्ध रुग्ण त्यांचा उल्लेख करीत नाहीत. नेत्रतज्ज्ञाने तो प्रश्न आपणहून विचारणे आवश्यक आहे.

लाल विंचू आणि प्राझोसिन

डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यातील. १९७६ मध्ये ते रायगड जिल्ह्यात महाडनजीक बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली धडधाकट माणसे व मुले काही तासांत फुफ्फुसात पाणी साचून मरतात, हे त्यांनी तेथे पाहिले. मृत्यूचे मूळ हृदय व रक्ताभिसरणाच्या बिघाडात असल्याचे त्यांच्या बारकाईच्या नोंदींतून पुढे आले आणि या निरीक्षणांना 'लॅन्सेट' या नियतकालिकात १९८२ मध्ये स्थान मिळाले.

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग दीर्घकाळ उघडे ठेवते. त्यामुळे स्वायत्त मज्जासंस्थेत जणू वादळ उठते. प्रारंभी उलट्या, दरदरून घाम, लाळ आणि पुरुषांमध्ये शिश्नाचा ताठरपणा ही लक्षणे दिसतात. त्यानंतर अ‍ॅड्रेनलिन व नॉरअ‍ॅड्रेनलिन यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय थंड पडतात, रक्तदाब चढतो. या दाबाविरुद्ध झगडताना हृदय थकते आणि फुफ्फुसात पाणी साचते. म्हणजे विष हृदयाला ज्या मार्गाने गाठते, तो मुख्यत्वे अल्फा-१ ग्राहींचाच मार्ग होय.

प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध वापरून पाहण्यात आले. ते गुणकारी होते, परंतु ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते आणि रक्तदाबावर अखंड लक्ष ठेवावे लागते. खेड्यातील दवाखान्यात हे कसे जमावे? प्राझोसिनची गोळी तोंडाने देता येते, ती स्वस्त आहे आणि हृदयाची गतीही फारशी वाढवीत नाही. डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनविषयीचा अनुभव १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. प्राझोसिनपूर्व काळात गंभीर विंचूदंशातील मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते; ते पुढे शेकडा एकच्या घरात आले. मुंबईच्या हाफकिन संस्थेची प्रतिविष लस उपलब्ध झाल्यावर याच दांपत्याने महाड येथे ७० रुग्णांवर तुलनात्मक चाचणी केली. लस व प्राझोसिन एकत्र दिल्यास केवळ प्राझोसिनपेक्षा रुग्ण लवकर बरा होतो, हा तिचा निष्कर्ष २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

खेड्यापाड्यांत काळ्या, मोठ्या इंगळीची धास्ती अधिक. प्रत्यक्षात आकाराने लहान असलेला लाल विंचूच प्राणघातक ठरतो. तसेच वेदना तीव्र म्हणजे धोका मोठा, असेही समीकरण मांडता येत नाही. केवळ जागच्या जागी वेदना असेल तर प्राझोसिनची गरज नसते. तेथे बधिरता आणणारे इंजेक्शन पुरते. मंत्र घालणाऱ्याला यश येते ते बहुधा अशाच रुग्णांत, आणि त्या यशावर विसंबून घाम फुटलेला रुग्णही आधी त्याच्याकडेच नेला जातो. हा वेळ परत मिळत नाही.

घाम, उलट्या, थंड हातपाय यांपैकी लक्षणे दिसू लागताच शरीराच्या दर किलो वजनामागे ३० मायक्रोग्रॅम या प्रमाणात प्राझोसिन देतात. पहिल्या मात्रेनंतर सुमारे तीन तास रुग्णाला आडवेच ठेवावे लागते. लहान मूल असल्यास आईने त्याला उचलून कडेवर घेणेही टाळावयाचे असते. तीन तासांनी स्थिती पाहून मात्रा पुन्हा देतात, नंतर दर सहा तासांनी. हातपाय कोमट व कोरडे झाले आणि हातावरच्या शिरा पुन्हा सहज दिसू लागल्या की औषध थांबविले जाते.