जॉर्ज हॅरिसनचा उत्तरार्ध

जॉर्ज हॅरिसनच्या एकल कारकिर्दीच्या उत्तरार्धातला ऐवज बोटांवर मोजता येतो. १९८२ मधला 'गॉन ट्रॉपो' पडल्यानंतर २००१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने नव्या गाण्यांचा, निव्वळ स्वतःच्या नावाचा एकच अल्बम काढला: १९८७ चा 'क्लाउड नाइन'. त्याशिवाय मित्रांच्या टोळीबरोबरचे दोन अल्बम, जपानमधल्या मैफलींचे ध्वनिमुद्रण, काही सुटी गाणी आणि मरणोत्तर आलेला 'ब्रेनवॉश्ड'. बीटल्सच्या डोंगरापुढे हे सगळे टेकाडाएवढे वाटते. मात्र हॅरिसन माणूस म्हणून कसा होता आणि गिटारवादक म्हणून कुठवर पोहोचला, हे इथेच अधिक स्पष्ट कळते.

बीटल्समध्ये लेनन-मॅकार्टनी या जोडीच्या गाण्यांतून उरलेल्या जागेत त्याची एक-दोन गाणी बसत. साठून राहिलेले सगळे १९७० मध्ये 'ऑल थिंग्ज मस्ट पास' या तीन तबकड्यांच्या अल्बममधून बाहेर पडले आणि त्याच्यावर 'गंभीर, अध्यात्मात बुडालेला' असा शिक्का बसला. पुढचे दशक मात्र उतरणीचे गेले. १९७४ च्या अमेरिका दौऱ्यात पंडित रविशंकर आणि भारतीय वादकांचा ताफा बरोबर होता. हॅरिसनचा घसा बसलेला होता आणि समीक्षक तुटून पडले. १९७६ मध्ये त्याच्या 'माय स्वीट लॉर्ड' या गाण्याची चाल 'ही'ज सो फाइन' या जुन्या गाण्यावरून, नकळत का होईना, उचलली गेल्याचा निर्णय न्यायालयाने दिला. १९८० च्या डिसेंबरात लेननचा खून झाला. 'गॉन ट्रॉपो'च्या वेळी तर हॅरिसनने प्रसिद्धीसाठी बोटही हलवले नाही. हेन्ली-ऑन-टेम्स इथल्या फ्रायर पार्क या अवाढव्य घराची बाग आणि हँडमेड फिल्म्स ही चित्रपटनिर्मिती संस्था, यांतच त्याचा वेळ जाऊ लागला. १९८० साली छापलेले आत्मकथनही त्याने जगभरच्या माळ्यांना अर्पण केले होते.

गंभीर हॅरिसनच्या आत एक मिश्कील माणूस दडलेला होता, तो व्हिडिओंमध्ये दिसतो. संगीताच्या व्हिडिओंचा सुकाळ करणारी एमटीव्ही ही वाहिनी १९८१ मध्ये सुरू झाली. हॅरिसन त्याआधीपासूनच हे खेळ करत होता. चाल उचलल्याच्या खटल्याने त्याला बेजार केले, तेव्हा त्याने 'धिस साँग' हे गाणे रचले आणि त्याचा व्हिडिओ चक्क न्यायालयाच्या खोलीत घडवला. 'क्रॅकरबॉक्स पॅलेस'चा व्हिडिओ माँटी पायथन या विनोदी चमूतल्या एरिक आयडलने फ्रायर पार्कच्याच आवारात चित्रित केला. मोटारशर्यतींवरच्या 'फास्टर' (१९७९) मध्ये गाडी चालवतो तो खुद्द विश्वविजेता जॅकी स्टुअर्ट, आणि मागच्या सीटवर गिटार घेऊन गातो हॅरिसन.

'क्लाउड नाइन' झाला तो जेफ लिन या निर्मात्यामुळे. इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या गटाचा हा म्होरक्या बीटल्सच्या ध्वनीवरच वाढलेला. अकूस्टिक गिटारींचे थरावर थर, ठाशीव ढोल आणि मागे दाट कोरस ही त्याची खूण. १९८७ मध्ये फ्रायर पार्कमधल्या घरगुती स्टुडिओत काम सुरू झाले तेव्हा एरिक क्लॅप्टन, एल्टन जॉन, रिंगो स्टार, जिम केल्टनर असे जुने सोबती येऊन वाजवून गेले. मुखपृष्ठावर काळा चष्मा लावलेल्या हॅरिसनच्या हातात त्याची जुनी ग्रेच गिटार आहे. ती त्याने १९६१ मध्ये लिव्हरपूलमध्ये एका खलाशाकडून विकत घेतली, पुढे मित्राला दिली आणि बऱ्याच वर्षांनी परत मिळवली.

अल्बममधले सर्वांत गाजलेले गाणे त्याचे नव्हते. 'गॉट माय माइंड सेट ऑन यू' हे रूडी क्लार्कने लिहिलेले आणि जेम्स रे याने साठच्या दशकाच्या सुरुवातीला गायलेले गाणे. १९६३ मध्ये हॅरिसन अमेरिकेत बहिणीकडे गेला होता, तेव्हा त्याने ती तबकडी घेतली होती. चोवीस वर्षांनी ते गाणे त्याने स्वतःच्या आवाजात आणले आणि जानेवारी १९८८ मध्ये ते अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. बीटल्सपैकी कोणाच्याही एकल गाण्याला तिथे मिळालेले हे शेवटचे अव्वल स्थान. शब्द इतके थोडे आणि इतक्यांदा परत येणारे, की 'विअर्ड अल' यांकोविक या विडंबनकाराने नेमक्या त्याच गोष्टीची टर उडवणारे गाणे काढले.

गॅरी वाइसने या गाण्याचे दोन व्हिडिओ केले. दुसरा अधिक लक्षात राहिला. त्यात हॅरिसन एका दिवाणखान्यात खुर्चीवर शांत बसून गिटार वाजवतो आणि हळूहळू भिंतीवरची पेंढा भरलेली जनावरे आणि आसपासचे सामानसुमान तालावर डोलू लागते. मध्येच हा चव्वेचाळीस वर्षांचा गृहस्थ उठून नाचतो आणि चक्क मागे कोलांटी उडी मारतो. उडी अर्थातच बदली कलाकाराची. ती लपवण्याची फारशी धडपडही नाही. गंमत त्यातच आहे.

'व्हेन वी वॉज फॅब' याहून खोल जाते. बीटल्सच्या दिवसांवरचे हे गाणे त्याच काळाच्या ध्वनीत बांधलेले आहे: चेलो, सतार, रिंगोचे ढोल. केविन गॉडली आणि लोल क्रीम यांच्या व्हिडिओत हॅरिसन विटांच्या भिंतीपाशी रस्त्यावरच्या गायकासारखा उभा आहे. माणसे येतात, जातात. एल्टन जॉन पेल्यात नाणे टाकतो, वॉलरसच्या वेशातला कोणी बास गिटार वाजवतो, आणि बीटल्सचा जुना सहकारी नील ॲस्पिनॉल लेननचा 'इमॅजिन' हातात धरून जातो. मग हॅरिसनला देवादिकांच्या चित्रांतल्यासारखे जास्तीचे हात फुटतात. भक्त माणसाने भक्तीच्या प्रतिमेचीच केलेली ही चेष्टा, पण तिच्यात कडवटपणा नाही. गतकाळाचे गोडवे गाणाऱ्या ढीगभर गाण्यांत हे वेगळे उठून दिसते ते याच कारणाने.

याच अल्बममधल्या एका गाण्याच्या तबकडीची दुसरी बाजू भरायची म्हणून बॉब डिलनच्या गॅरेजमध्ये मित्र जमले आणि तिथल्या एका खोक्यावरच्या सूचनेवरून 'हँडल विथ केअर' हे गाणे झाले. दुसऱ्या बाजूला टाकण्यासाठी ते फारच चांगले ठरले. त्यातून डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी, लिन आणि हॅरिसन यांचा 'ट्रॅव्हलिंग विल्बरीज' हा गट उभा राहिला. अल्बम १९८८ च्या ऑक्टोबरात आला, डिसेंबरात ऑर्बिसन वारला. 'एंड ऑफ द लाइन'च्या व्हिडिओत त्याच्या वाट्याच्या ओळी येतात तेव्हा धावत्या आगगाडीच्या डब्यात रिकामी झुलती खुर्ची आणि तिच्यावर ठेवलेली गिटार दिसते.

१९९१ च्या डिसेंबरात क्लॅप्टनच्या वाद्यवृंदासह हॅरिसनने जपानमध्ये बारा मैफली केल्या. १९७४ नंतरचा हा त्याचा पहिला दौरा, आणि शेवटचाही. 'लाइव्ह इन जपान' हे त्याचे ध्वनिमुद्रण नीटनेटके आहे, त्यापलीकडे फारसे नाही.

त्याच्या वादनातली खरी गोष्ट स्लाइड गिटारची. बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारांवर सरकवली की एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते. सतारीत तार आडवी खेचून मींड काढतात; साधन वेगळे, पण कानाला भावतो तो स्वरांमधला सलग प्रवासच. हॅरिसन १९६६ मध्ये मुंबईत रविशंकरांकडे सतार शिकायला आला होता, १९६८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एचएमव्ही स्टुडिओत त्याने 'वंडरवॉल म्युझिक' या अल्बमचे काही ध्वनिमुद्रण केले. सतारीत आपण मोठे वादक होणार नाही हे पुढे त्याला उमगले आणि त्याने ती बाजूला ठेवली. १९६९ च्या अखेरीस त्याने स्लाइड हातात घेतली. सतारीचा रियाज वाया गेला नाही, हे ती ऐकताना पटते. वेग नाही, चमक दाखवण्याचा सोस नाही. माणूस गुणगुणावा तसे हे वादन आहे.

१९९७ मध्ये त्याने रविशंकरांच्या 'चँट्स ऑफ इंडिया'ची निर्मिती केली. त्याच वर्षी घशाच्या कर्करोगावर उपचार झाले. १९९९ च्या अखेरीस घरात घुसलेल्या माणसाने त्याला भोसकले. पत्नी ऑलिव्हिया धावून गेली म्हणून तो बचावला. पुन्हा आलेल्या कर्करोगाने २९ नोव्हेंबर २००१ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. त्याआधी दोन महिने पियानोवादक जूल्स हॉलंडबरोबर गायलेल्या 'हॉर्स टू द वॉटर' या गाण्याच्या हक्काच्या नोंदीत त्याने प्रकाशनसंस्थेचे नाव 'आरआयपी लिमिटेड २००१' असे दिले होते. मिश्किली तिथेही सुटली नाही.

अर्धवट राहिलेली गाणी मुलगा धनी आणि जेफ लिन यांनी हॅरिसनच्या सूचनांनुसार पूर्ण केली. नोव्हेंबर २००२ मध्ये 'ब्रेनवॉश्ड' आला. त्यातले 'एनी रोड' हे गाणे १९८८ मध्ये, एका व्हिडिओच्या चित्रीकरणादरम्यान सुचलेले. त्यात वाजते बॅन्जुलेले, युकुलेलेची बॅन्जोसारखी बहीण. लिनचा ठाशीव साचा इथे बराच सैल झाला आहे आणि आवाज जवळून ऐकू येतो. 'क्लाउड नाइन'पेक्षा हा अल्बम सरस वाटतो तो त्यामुळे.

याच अल्बममधल्या 'मारवा ब्लूज' या शब्दांविना असलेल्या रचनेला २००४ मध्ये ग्रॅमी मिळाले. मारवा हा संधिकालाचा राग, कोमल ऋषभाचा, पंचम वर्ज्य असलेला. शास्त्र हाती घेऊन बसणाऱ्याला इथे रागाची शुद्धी सापडायची नाही. खाली पाश्चात्त्य कॉर्ड आणि तंतुवाद्यांचा समूह आहे. मारव्याची हुरहुर मात्र स्लाइडच्या प्रत्येक मींडेत आहे. अल्बमच्या शीर्षकगीतात शाळा, सरकार, बाजार अशा सगळ्यांवर चिडलेला हॅरिसन मधेच थांबतो, पतंजलीच्या योगसूत्रांच्या इंग्रजी अनुवादातला उतारा वाचला जातो, आणि शेवटी वाद्ये मागे पडून बाप आणि मुलगा मिळून पार्वतीपतीचा जप करतात. महाराष्ट्रातल्या श्रोत्याला तो लगेच ओळखू येतो, कारण घरोघरी आणि देवळांत आरती संपली की जो जयघोष उठतो, त्याच्याशी तो जुळतो.