आधी नाक की आधी पोट?

गणपतीच्या दिवसांत खेडमधल्या आमच्या औषध दुकानात एक वाक्य हमखास कानावर येतं. "पोटाचा फ्लू झालाय, काहीतरी द्या." बोलणारा बहुतेक वेळा मुंबईचा चाकरमानी असतो. गावातली माणसं असं म्हणत नाहीत. ती म्हणतात, "वांत्या-जुलाब लागलेत," नाहीतर "कणकण आहे, अंग मोडून आलंय." ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे आमच्या वाडीवरच्या म्हातारीला ठाऊक असतं. घोळ होतो तो मधल्या त्या 'फ्लू' शब्दाने.

फ्लू म्हणजे इन्फ्लुएंझा, आणि त्याचं बिऱ्हाड नाका-घशात नि फुप्फुसांत. एकदम चढलेला ताप, कोरडा खोकला, डोकं ठणकणं, हाडं मोडल्यासारखी दुखणं. पोटात धुमाकूळ घालतात ते नोरो, रोटा वगैरे विषाणू. त्यांचं नि इन्फ्लुएंझाचं काडीचंही नातं नाही. एका निवृत्त गृहस्थांना हे पटेचना. फ्लूची लस टोचून आले होते, तरी जुलाब लागले, म्हणून काउंटरवर माझ्याशीच भांडायला उभे राहिले. लस मी टोचली नव्हती आणि ती जुलाबांची नव्हतीच. पण आवाज असा की मागच्या तीन गिऱ्हाइकांनी लसीचा बेत तिथल्या तिथे रद्द केला असावा.

खरा किस्सा मोदकांचा. भरणे नाक्याच्या बाजूचं एक एकत्र कुटुंब. चतुर्थीला उकडीचे मोदक झाले आणि शनिवारी घरातली पाच माणसं आडवी. सगळ्यांचं बोट चुलतकाकूंकडे, खोबरं शिळं होतं म्हणून. काकू रडवेल्या होऊन चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आल्या. शेजारच्या डॉक्टरांनी औषधाआधी त्यांना विचारलं होतं ते एवढंच: पहिली वांती कोणाला, आणि किती वाजता? उत्तर असं निघालं, की मुंबईहून कोकण रेल्वेने आलेला चार वर्षांचा नातू उतरला त्याच रात्री ओकला होता. गाडी लागली असेल म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. त्याचं आवरलं त्याच्या आईने. दीड दिवसाने तीच पडली, मग आजी, मग एकामागून एक बाकीचे.

खाण्यातली विषबाधा बहुधा अशी रांगेत येत नाही. जंतूंनी पदार्थात आधीच विष तयार करून ठेवलेलं असेल, तर खाणारी सगळी माणसं काही तासांत एकदमच लोळतात. नोरोव्हायरस डोकं वर काढायला माणसागणिक 12 ते 48 तास घेतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातो. काकूंची निर्दोष सुटका झाली. घरात कोणी त्यांची माफी मागितली की नाही, ते कळलं नाही.

या प्रकरणात माझीही एक चूक आहे, ती सांगून टाकतो. त्या घराला मी सॅनिटायझरच्या दोन बाटल्या विकल्या होत्या, कोरोनाच्या सवयीने. नोरोव्हायरस अल्कोहोलला फारसा जुमानत नाही. तिथे साबण नि वाहतं पाणीच हवं, आणि बरं वाटल्यावरही निदान दोन दिवस त्या माणसाने स्वयंपाकाला हात लावू नये.

उलट्या म्हणजे पोटाचाच विषाणू, असंही नाही. लहान मुलांना फ्लूतही उलट्या होतात. शिवाय फ्लूवर चिठ्ठीने मिळणारी ओसेल्टामिविर ही गोळी कित्येकांना मळमळवते. एक पोरगा दुसऱ्याच दिवशी परत आला, "आता पोटाचाही झाला" म्हणत. गोळी त्याने रिकाम्या पोटी घेतली होती. दोन घास पेज खाऊन घे नि डॉक्टरांना कळव, म्हटलं. तेवढ्यावर भागलं.

पावसाळ्यात कोकणात मात्र तिसराच पाहुणा दारात उभा असतो. जुलै 2021 मध्ये जगबुडीचं पाणी खेडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हापासून चिखलातून आलेल्या तापकऱ्याकडे मी जरा निरखून बघतो. ताप, अंगदुखी, मळमळ हे सगळं फ्लूसारखंच दिसतं. पण पिंढऱ्यांना हात लावू देत नाही, डोळे लाल, आणि खोकला-सर्दी बेताचीच, असं असेल तर लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा संशय. अशाला मी साधी क्रोसिनही न देता रिक्षात बसवतो नि कळंबणीच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे धाडतो. धंद्याच्या दृष्टीने हा मूर्खपणा आहे, असं माझा पुतण्या म्हणतो. म्हणू दे.

पोटाच्या विषाणूवर माझ्या कपाटात मारक औषध नाही. तरी लोक अँटिबायोटिक मागतात, सुईचा हट्ट धरतात. दोन-तीन दिवसांत तो आपसूक जातो; तोवर अंगातलं पाणी टिकवायचं. त्याचं औषध म्हणजे ओआरएसचं पाकीट, नि तेही नीट कोणी घेत नाही. एक बाई सबंध पाकीट एका पेल्यात कालवून तान्ह्या पोराला पाजत होती. लिटरभर पाण्याचं मीठ पेलाभर पाण्यात. तेव्हापासून पाकिटासोबत मी पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली देतो आणि गळ्याशी बोट टेकवून दाखवतो, इथपर्यंत. दुसरा त्रास खोक्यातल्या गोड सरबतांचा. नावात ओआरएस, आत साखरच साखर. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरायला बंदी घातली. त्यानंतरही गिऱ्हाईक विचारतं, "ते आंब्याच्या चवीचं नाही का?"

तेव्हा दुकानात याल, तेव्हा रोगाचं नाव घेऊन येऊ नका. कागदावर तीन गोष्टी लिहून आणा: आधी नाक-घसा धरला की पोट, घरात पहिलं कोण पडलं नि किती वाजता, आणि रोग्याला शेवटची लघवी कधी झाली. तिसऱ्याचं उत्तर आठ तासांपलीकडे गेलं असेल, तर माझ्याकडे न थांबता सरळ दवाखाना गाठा.