पुण्याचीं जुनीं नाट्यगृहें आणि चित्रपटगृहें

भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत प्रेक्षागृहाचे विकृष्ट, चतुरस्र व त्र्यस्र असे तीन प्रकार सांगून त्यांचीं मापें दिलीं आहेत. त्याच ग्रंथाच्या आरंभीं नाट्य हा सर्व वर्णांसाठीं निर्मिलेला पांचवा वेद आहे, असें म्हटलें आहे. ज्यांस वेदश्रवणाचा अधिकार नव्हता, त्यांनाही या वेदापाशीं बसण्याची मुभा होती. हा प्राचीन संकल्प पुण्याच्या मध्यवस्तींत कितपत सिद्ध झाला, याचा थोडा विचार आम्ही येथें करूं इच्छितों.

ता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक बुधवार पेठेंतील आनंदोद्भव नाट्यगृहांत झाले. कालिदासाची शकुंतला तोंवर मुख्यतः पंडितांच्या परिचयाची होती. ती आतां साकी, दिंडी, लावणी अशा घरोघरच्या चालींत बोलूं लागली आणि तिकीट काढणाऱ्या कोणाही मराठी माणसाची झाली. बैठकीची जागा कुळावरून न ठरतां तिकिटाच्या दरावरून ठरूं लागली. विषमता यानें संपली नाहीं हें खरें. परंतु सर्वजण एका छपराखालीं आले, हें कांहीं थोडें नव्हे. नाट्यगृहाचें हें सामर्थ्य सरकारनेंही ओळखलें होतें. म्हणूनच कृ. प्र. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० सालीं बंदी आली.

पुढें १९१५ सालीं गंगाधर नथूजी पाठक यांनीं मंडईजवळ 'आर्यन' हें चित्रपटगृह काढलें. पुण्यांतील पहिलें कायमचें चित्रपटगृह म्हणून त्याची ख्याति आहे. मंडईच्या शेजारामुळें तें पेठांतील लोकांना आणि खेड्यांतून आलेल्या माणसांना सारखेंच सोयीचें झालें. त्या काळीं चित्रपट मुके असत व संवादाचीं अक्षरें पडद्यावर उमटत. ज्यास वाचतां येई, तो शेजारच्यास वाचून दाखवी. साक्षर व निरक्षर यांचा असा सहवास शाळेंतही क्वचितच घडतो.

प्रभात फिल्म कंपनी १९३३ सालीं कोल्हापुराहून पुण्यास आली व १९३४ सालीं 'प्रभात' चित्रपटगृह सुरू झालें. कंपनीच्या 'संत तुकाराम' या १९३६ च्या बोलपटाचा व्हेनिसच्या महोत्सवांतही गौरव झाला. आमची कासुर्डी सोलापूर रस्त्यावर यवतच्या अलीकडे आहे. तुकोबांची पालखी आषाढवारींत याच रस्त्यानें जाते. गांवकरी ज्या तुकोबांना रस्त्याच्या कडेला उभें राहून नमस्कार करीत, तेच तुकोबा पडद्यावर भेटल्यावर शहर व खेडें यांच्यांत अंतर तें काय उरलें?

आज या वास्तूंपैकीं बऱ्याच दिसेनाशा झाल्या आहेत. आनंदोद्भवाच्या जागीं पुढें विजयानंद चित्रपटगृह आलें. 'आर्यन' १९८३ सालीं पाडलें गेलें. तेथें आतां वाहनतळ आहे. शेजारच्या 'मिनर्व्हा'चीही तीच गत झाली. लोक मात्र त्या वाहनतळांस अजून जुन्याच नांवांनीं ओळखतात. 'प्रभात'च्या जागेचा करार संपून २०१४ च्या अखेरीस तें नांव उतरलें. १९६८ सालीं उघडलेलें बालगंधर्व रंगमंदिर पाडून नवें संकुल बांधण्याचा विचारही २०१८ पासून अनेकदां पुढें आला आहे.

जुनी प्रत्येक भिंत राखावी, असा आमचा आग्रह नाहीं. इमारत जीर्ण होते व नवी उभारावीच लागते. परंतु नव्या संकुलांत दुकानें व वाहनें यांची आधीं सोय लागावी आणि रंगमंचास उरलेली जागा मिळावी, हें उचित नव्हे. हौशी मंडळींस परवडेल असें भाडें व सामान्य कुटुंबास झेपेल असें तिकीट, या दोन गोष्टी नकाशांतील शोभेहून महत्त्वाच्या आहेत.

हल्लीं एकाच घरांत आजोबा एका पडद्यासमोर, सूनबाई दुसऱ्या व नातवंडें तिसऱ्या पडद्यासमोर बसलेलीं असतात. करमणूक विपुल झाली. एकत्र हसणें मात्र दुर्मिळ झालें. १८९४ सालीं स्थापन झालेल्या संस्थेचें भरत नाट्य मंदिर सदाशिव पेठेंत आहे. महिन्यांतून एकदां तरी घरांतील लहानथोरांनीं मिळून अशा ठिकाणीं एखादें नाटक पाहावें व घरीं परततांना त्याविषयीं मोकळेपणानें बोलावें. प्रेक्षक येत राहिले, तर रंगमंदिर राखण्याची मागणी करण्यास बळ येतें. रिकाम्या खुर्च्या दाखवून तें राखा म्हटल्यास कोण ऐकणार?