‘फ्रँकेनस्टाईन’: सेन्सॉरच्या कात्रीने राक्षस आणखी भयंकर कसा झाला?

फ्रँकेनस्टाईन म्हटलं की चपट्या डोक्याचा, मानेत बोल्ट असलेला राक्षस आठवतो. (ते बोल्ट म्हणजे वीज आत सोडण्यासाठीचे इलेक्ट्रोड.) खरं तर ते नाव त्याला घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचं. जेम्स व्हेल दिग्दर्शित १९३१ च्या या कृष्णधवल चित्रपटात राक्षस निनावीच आहे. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्याच्या नावापुढे नुसतं प्रश्नचिन्ह येतं. अभिनेता होता बोरिस कार्लोफ.

त्यातला तळ्याकाठचा प्रसंग बघा. मारिया नावाची चिमुरडी त्याला घाबरत नाही. दोघं पाण्यात फुलं सोडतात, ती तरंगतात. फुलं संपल्यावर तीही तरंगेल असं समजून तो तिला उचलून पाण्यात टाकतो. ती बुडते आणि तो भांबावून पळतो.

हे सेन्सॉरला झेपलं नाही. नंतरच्या प्रतींमध्ये तो मुलीकडे हात नेतो तिथेच दृश्य तुटायचं आणि पुढे थेट तिचं प्रेत हातांवर घेऊन गावात शिरणारा बाप दिसायचा. मधलं प्रेक्षकांनी आपल्या मनाने भरलं आणि ते मूळ दृश्यापेक्षा कितीतरी ओंगळ होतं. अजाणतेपणी घात करणारा जीव नराधम ठरला.

शास्त्रज्ञाचं देवाशी बरोबरी करणारं वाक्यही धार्मिक भावना दुखावतील म्हणून मेघगर्जनेखाली दाबलं गेलं. तळ्याकाठचा गाळलेला भाग १९८० च्या दशकात पुन्हा जोडण्यात आला.