बुरडाची कामटी आणि विमानाची तुळई

गेल्या पावसाळ्यात भाचा मूलहून मोटारसायकलने घरी आला. हेल्मेटवर डांबराचे शिंतोडे उडाले होते. पोराने चिंधी पेट्रोलमध्ये बुडवून ते खसाखसा पुसून काढले. मी ओरडलो, तर म्हणतो, "मामू, तुम्ही कविता करा. प्लास्टिकचं तुम्हाला काय कळतं?"

मी बी.ए. झालेला माणूस, पण हा प्रश्न विमाने बनवणाऱ्यांनाही सोडवावा लागतो.

हेल्मेटचे प्लास्टिक तापवले की मऊ होते. त्याचे रेणू म्हणजे शिजलेल्या शेवया. लांब, गुंतलेल्या, पण कुठेही गाठ नसलेल्या. पेट्रोल त्यांच्यामध्ये शिरते आणि पकड सैल होते. जिथे आधीच ताण असतो तिथे बारीक तडे जातात. वरून चकाकी तशीच राहते. दगा मिळतो तो पडल्यावर. आतला थर्माकोल तर पेट्रोलमध्ये विरघळतोच.

विमानातही इंधन सांडते, तेल झिरपते. मोठ्या प्रवासी विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणेत फॉस्फेट एस्टरचे तेल असते. ते सहजी पेट घेत नाही, म्हणून निवडलेले. पण पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकला ते खाते. 'पीक' नावाचे प्लास्टिक मात्र टिकते, कारण त्यातल्या बऱ्याच शेवया नीट रचून बसलेल्या असतात.

बोइंग 787 विमानाचा वजनाने निम्मा भाग तंतुमिश्रित पदार्थांचा आहे. त्याच्या जमिनीखालच्या कार्बनतंतूंच्या तुळया आपल्या नागपूरच्या मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात बनल्या. तंतू बळ देतात, राळ त्यांना धरून ठेवते. इपॉक्सी राळेतल्या धाग्यांना एकमेकांशी गाठी असतात. त्यामुळे ती विरघळत नाही, पण पाणी पिऊन फुगते आणि उष्णतेत लवकर नरमते. म्हणून तुकडे द्रवात बुडवून ठेवतात, वजन करतात आणि मग वाकवून, मोडून बघतात.

आमच्या बुरडांना हे कुणी शिकवावे लागले नाही. बांबूही तंतू आणि लिग्निनची अशीच सांगड आहे. कामटी पाण्यात भिजवली की वळते, वाळली की ताठ होते. बुरूड ओल मुद्दाम आत घालतो. विमानवाल्याला चोरून शिरणाऱ्या ओलीचा हिशेब आधीच मांडावा लागतो.

भाच्याचे हेल्मेट आम्ही मोडीत काढले. मंडळी, हेल्मेट साबणाच्या कोमट पाण्यानेच पुसा. डाग राहिला तर राहू द्या. डोके राहिले पाहिजे.