घरांतील उजेड व मनाची वृत्ति

एकाच घरांतील दोन खोल्या सारख्या लांबीरुंदीच्या असतात, दोहोंच्या भिंतींना एकच चुना लावलेला असतो, तरी एकींत आपण पुस्तक घेऊन तासन्‌तास बसतों आणि दुसरींतून काम होतांच बाहेर पडतों. कारण विचारलें तर बहुतेक जण 'तेथें बरें वाटत नाहीं' एवढेंच सांगतात. हें बरें वाटणें वा न वाटणें बहुतकरून उजेडावर अवलंबून असतें. उजेड किती आहे यावर थोडें, आणि तो कोठून येतो, कशावर पडतो व कोणत्या वेळीं येतो यावर पुष्कळ. रोजच्या पाहण्यांतील जागा घेऊन या गोष्टीचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाहीं. एका जागीं थोडा वेळ स्वस्थ बसतां आलें म्हणजे पुरे. परंतु आमच्या विद्यार्थिमित्रांस प्रयोगशाळेपेक्षां हीच अट अधिक जड वाटेल, हें आम्ही जाणून आहों.

प्रथम डोळ्याच्या एका गुणाची ओळख करून घेतली पाहिजे. कारण या बाबतींत आपणांस फसवितो तोच. प्रकाश मोजण्याचें परिमाण लक्स हें आहे. एका मेणबत्तीपासून एक मीटर अंतरावर धरलेल्या कागदावर जेवढा उजेड पडतो तो सुमारें १ लक्स. उन्हाळ्यांत भर दुपारीं उघड्या मैदानावर सुमारें १,००,००० लक्स प्रकाश पडतो. त्याच वेळीं घरांत, खिडकीपासून दहाबारा फुटांवर, पुष्कळदां शंभर लक्सच भरतात. म्हणजे अंगणांतून आंत आलेला मनुष्य हजारपट कमी उजेडांत येतो, पण त्याला तसें मुळींच वाटत नाहीं. क्षणभर डोळ्यांपुढें काळोखी येते, मग डोळ्यांतील बाहुली मोठी होते, दृष्टिपटलाची संवेदनशक्ति वाढते, आणि थोड्याच वेळांत सर्व कांहीं पूर्ववत् दिसूं लागतें. डोळा उजेडाची तुलना करतो, मोजदाद करीत नाहीं. यामुळेंच 'आमच्या घरांत भरपूर उजेड आहे' असें सांगणाऱ्यावर एकदम विश्वास ठेवूं नये. तो खोटें बोलत नसतो. त्याचे डोळे त्या घराला सरावलेले असतात, इतकेंच.

या सरावाला चुकवून खरी स्थिति जाणण्याची एक साधी युक्ति आहे. ज्या जागीं आपण लिहितों वा वाचतों, तेथें डोळे मेजाच्या पातळीवर आणावे आणि खिडकीकडे पाहावें. आकाशाचा तुकडा दिसतो काय? दिसत असेल तर ती जागा दिवसाच्या कामास योग्य होय. समोरची भिंत वा झाडच दिसत असेल, तर तेथें येणारा उजेड दुसऱ्या कशावरून तरी परतून आलेला, उसना आहे. एकाच खोलींत एक पाऊल पुढें टाकलें तर आकाश दिसतें आणि एक पाऊल मागें घेतलें तर तें जातें, अशी एक रेषा असते. गंमत अशी कीं, घरांतील माणसें नकळत त्या रेषेच्या अलीकडेच वावरतात. तांदूळ निवडणारी आजी, सुईंत दोरा ओवणारी आई, वर्तमानपत्र वाचणारे आजोबा हीं सर्व तेथेंच सांपडतील. शहरांत शेजारची इमारत चार मजल्यांची आठ मजल्यांची झाली म्हणजे हा आकाशाचा तुकडा नाहींसा होतो, आणि खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडांत बारा वाजतां दिवा लागतो. भाडें कमी होत नाहीं.

आतां जुन्या वाड्यांतील उजेड पाहूं. मध्यें चौक, त्याभोंवतीं ओसरी, ओसरीच्या मागें माजघर, आणि त्याहि मागें स्वयंपाकघर व कोठीची खोली, अशी पुष्कळ वाड्यांची रचना असे. चौकांतील फरशीवर पडलेलें ऊन वर उसळून ओसरीच्या तुळयांवर जाई, आणि उरलासुरला उजेड दारांतून माजघरांत शिरे. माजघराला स्वतःचें आकाश नसे. वैशाखाच्या दुपारीं ही सावली म्हणजे मोठेंच सुख, यांत शंका नाहीं. जाड भिंती, शेणानें सारवलेली गार जमीन, दाराच्या चौकटीपुरता उजळ पट्टा आणि बाकी सर्व मंद. अशा जागीं आवाजहि आपोआप खालीं येतो. परंतु या गारव्याचें कौतुक बहुधा ओसरीवर बसणाऱ्यांनीं केलें आहे. ओसरीवर पुरुष बसत, हिशेब लिहीत, आल्यागेल्याशीं बोलत. माजघरांत व चुलीपाशीं स्त्रियांचा जन्म जाई. घरांतील उजेडाची वांटणी पाहिली कीं घर कोणासाठीं बांधलें होतें हें समजतें.

सर्वांत वाईट वांटणी बाळंतिणीच्या वांट्याला येई. वारा लागूं नये म्हणून घरांतील आडबाजूची, बहुधा बिनखिडकीची खोली तिच्यासाठीं काढून ठेवीत, आणि त्या अंधारांत धुरी व शेगडी. इकडे इ. स. १८५९ मध्यें छापलेल्या आपल्या परिचर्येवरील पुस्तकांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं रोग्याला स्वच्छ हवेच्या खालोखाल उजेडाची गरज असते असें अनुभवानें लिहिलें होतें. रोगी बहुधा उजेडाकडे तोंड करूनच निजतो, हेंहि त्यांनीं टिपलें होतें. औषधें बदललीं, रुग्णालयें बदललीं, पण हें निरीक्षण आजहि कोणत्याहि रुग्णालयांत पडताळून पाहतां येईल. आजाऱ्याची खाट खिडकीकडे पाठ करून ठेवलेली दिसली, तर ती फिरवावयास पैसा पडत नाहीं.

कोंकणांत या अंधारावर एक स्वस्त उपाय निघाला. मंगळुरी कौलांच्या छपरांत एखादें कौल कांचेचें बसवितात. त्या एका कौलांतून चुलीच्या धुरावर उन्हाची तिरीप पडते, तेव्हां धुराचा जणूं खांबच उभा राहिलेला दिसतो, आणि तो खांब दिवसभर जमिनीवरून सरकत जातो. तिरीप पाट्यावरवंट्यापाशीं आली कीं भाताचें आधण ठेवावयाचें, असा हिशेब घड्याळावांचून चालतो. गोमंतकांतील जुन्या घरांत दुसरीच तऱ्हा आहे. तेथें खिडक्यांना कांचेऐवजीं एका जातीच्या चपट्या शिंपल्यांचे पातळ तुकडे लांकडी चौकटींत बसविलेले असतात. त्यांतून पलीकडचें दिसत नाहीं. पण कडक ऊन दुधासारखें मऊ होऊन आंत येतें व खोलीभर पसरतें. अशा खोलींत कोणत्याहि वस्तूची सावली ठळक पडत नाहीं, आणि तेथें बसलेल्या मनुष्याला दुपारचें भान राहत नाहीं. केरळांत लॉरी बेकर (१९१७-२००७) या इंग्लंडांतून आलेल्या स्थापत्यविशारदानें विटांच्या भिंतींतच जाळ्या ठेवून वारा व उजेड यांस एकदम आंत घेतलें. उजेड तोच; तो फोडला, गाळला वा कोंडला, त्याप्रमाणें खोलीचा स्वभाव बनतो.

ऋतूंचाहि यांत मोठा वांटा आहे. आपल्याकडे मध्यान्हीं सूर्य नेहमीं दक्षिणेकडेच असतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती पुरती खरी नाहीं. पुणें उत्तर अक्षांश साडेअठराच्या सुमारास असल्यानें मेच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत तेथें मध्यान्हींचा सूर्य माथ्याच्या किंचित् उत्तरेस असतो. पुढें ढग येतात म्हणून तें लक्षांत येत नाहीं. उलट २१-२२ डिसेंबरच्या सुमारास तो क्षितिजापासून सुमारें ४८ अंशच वर येतो. दक्षिणेच्या भिंतींत जमिनीपासून ७ फूट उंचीपर्यंत खिडकी असून वर पडवी नसेल, तर त्या दिवसांत दुपारीं ऊन सहा फुटांहून थोडें अधिक आंत येतें. मार्च व सप्टेंबरांत तें सव्वादोन फुटांच्या आसपासच थांबतें. भूमितीच्या तासाला जो त्रिकोण कंटाळवाणा वाटतो, तोच थंडींत मांजराला बसावयाची जागा नेमून देतो. पावसाळ्यांत हा सगळा खेळ बंद पडतो. ढगाळलेलें आकाश माथ्यावर उजळ व क्षितिजापाशीं सुमारें एकतृतीयांश उजळ असतें. आणि आपल्या छपरांच्या पागोळ्या खालीं उतरलेल्या, म्हणजे माथ्यावरचा चांगला उजेड नेमका अडला जातो. म्हणून जुलैंत घर दिवसभर एकसारखें करडें दिसतें, सकाळ-दुपार वेगळी कळत नाहीं, आणि मुलें अकारण भांडतात. दिवाळीपूर्वीं भिंतींना चुना दिला कीं घर 'नवें' वाटतें तें केवळ स्वच्छतेनें नव्हे. ताजी पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या उजेडाचा बहुतेक भाग परत देते. धुरकटलेली भिंत तो गिळते.

आतां शाळेच्या खोलीकडे वळूं. उजव्या हातानें लिहिणाऱ्याच्या डाव्या बाजूनें उजेड यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाहीं, हा नियम आमच्या जुन्या इमारती बांधणारांस ठाऊक होता. डावखुऱ्या मुलाचा विचार त्या नियमांत नाहीं. अशा मुलाचें अक्षर वाईट म्हणून त्याला बोलण्यापूर्वीं त्याचें बाक फिरवून पाहावें. फळा चकाकतो आणि शेवटच्या बाकावरील मुलाला अर्धें गणित दिसत नाहीं, तेंहि कोनाचेंच प्रकरण आहे: प्रकाश ज्या कोनानें फळ्यावर येतो त्याच कोनानें परततो, आणि नेमका त्या मुलाच्या डोळ्यांत जातो. मुलगा मात्र बेसावध ठरतो.

याहून सूक्ष्म गोष्ट शिक्षकाच्या चेहऱ्याची. शिक्षक खिडकीला पाठ देऊन उभा राहिला म्हणजे मुलांना त्याची काळी आकृति दिसते, चेहरा दिसत नाहीं. ज्याचा चेहरा दिसत नाहीं तो मनुष्य रागावलेला आहे असें आपण सहज धरून चालतों. तोच शिक्षक चार पावलें बाजूला सरून भिंतीपाशीं उभा राहिला कीं त्याचें हसूं दिसतें आणि वर्ग सैल होतो. कचेरींतील साहेबाची खुर्ची पुष्कळदां खिडकीला पाठ देऊन असते, त्यांतील मर्म हेंच असावें. माथ्यावर एकच झगझगीत दिवा असला तर डोळ्यांच्या खोबणींत सावल्या पडून सारीं माणसें थकलेलीं दिसतात. आणि हनुवटीखालीं विजेरी धरून धाकट्या भावास घाबरविण्याचा प्रयोग तर आपणांपैकीं पुष्कळांनीं केलाच असेल. सूर्य जन्मभर वरून पाहिलेल्या डोळ्यांना खालून उजळलेला चेहरा परका वाटतो.

सायंकाळ ही सर्वांत नाजूक वेळ. तिला आपण कातरवेळ म्हणतों, तिन्हीसांजा म्हणतों; त्या वेळीं निजूं नये, रडूं नये, असे दंडक आहेत. त्यांमागें डोळ्याचेंहि कांहीं कारण आहे. दृष्टिपटलांत दोन प्रकारच्या पेशी असतात: भर उजेडांत रंग दाखविणाऱ्या शंकुपेशी व अंधुक उजेडांत काम करणाऱ्या दंडपेशी. संध्याकाळीं पहिल्या निवृत्त होत असतात, दुसऱ्या पुरत्या कामावर रुजूं झालेल्या नसतात. पूर्ण अंधाराला सरावावयास डोळ्यांना अर्धा तास लागतो. या अवधींत लाल रंग आधीं काळवंडतो, हिरवा-निळा मागाहून. एकोणिसाव्या शतकांत बोहेमियाचा शास्त्रज्ञ पुरकिन्ये यानें ही गोष्ट नोंदविली. अंगणांत जास्वंद असेल त्यानें स्वतः पाहावी: पानें अजून दिसत असतात आणि दुपारीं सर्वांत भडक असलेलें फूल काळें होतें. ओळखीच्या वस्तु अशा अनोळखी झाल्यावर जीवाला हुरहुर लागावी, यांत नवल तें काय?

मग दिवा लागतो. दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत कमी होतो. एका हातावर जेवढा, त्याच्या चौथा हिस्सा दोन हातांवर, नववा हिस्सा तीन हातांवर. म्हणून एकच कंदील असलेल्या घरांत सर्वांना त्याच्याभोंवतीं यावेंच लागे. अभ्यास करणारा, भाजी चिरणारी, गोष्ट सांगणारा, सर्व एका वर्तुळांत. इ. स. २००५ च्या सुमारास महाराष्ट्रांत विजेचें कडक भारनियमन होतें, तेव्हां हें वर्तुळ पुष्कळ घरांत पुन्हां दिसलें. त्या काळोखाचे गोडवे आम्ही गात नाहीं. परीक्षेच्या दिवसांत त्यानें मुलांचे फार हाल केले. इतकेंच म्हणावयाचें कीं, सर्व खोल्यांतून सारखा उजेड झाल्यावर एकत्र बसण्याचें एक कारण गेलें, आणि त्याच्या जागीं दुसरें कारण योजून आणावें लागतें.

दिव्याच्या रंगाचाहि विचार केला पाहिजे. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांस इ. स. २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या शोधामुळें थोड्या विजेंत शुभ्र उजेड घरोघर आला, हा मोठा उपकार आहे. पण हे दिवे पिवळसरहि मिळतात व निळसर पांढरेहि. आणि डोळा या दोहोंस सारखें लेखीत नाहीं. इ. स. २००२ मध्यें अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठांतील डेव्हिड बर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दृष्टिपटलांतील कांहीं निराळ्या पेशी स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात असें दाखविलें. त्यांचें मुख्य काम आकृति दाखविण्याचें नसून मेंदूंतील दिवस-रात्रीच्या घड्याळाला वर्दी देण्याचें आहे, आणि निळसर प्रकाश त्यांना विशेष जागें करतो. सकाळीं हें हितकर. रात्रीं दहा वाजतां निळसर दिव्याखालीं वा मोबाईलच्या पडद्यापुढें बसलेल्या मुलाला मात्र तेंच घड्याळ 'अजून दिवस आहे' असें सांगतें, आणि मग झोप येत नाहीं म्हणून तो आणखी तासभर पडदा पाहतो. निजण्याच्या खोलींत पिवळसर व मंद दिवा असावा, तो छतावर नसून खालीं असावा, एवढें तरी प्रत्येकास करतां येईल.

ज्यांना हें स्वतः पाहावयाचें असेल त्यांनीं एक रविवार निवडावा व घरांतील एकच कोपरा घ्यावा. सकाळीं सात, दहा, दुपारीं एक, चार व दिवेलागण, असें पांच वेळां तेथें दहा मिनिटें बसावें. उजेड कोणत्या बाजूनें आला, सावलीची कड ठळक होती कीं पुसट, भिंतीवर कसला रंग चढला होता, बसल्या जागेवरून आकाश दिसलें कीं नाहीं, हें वहींत लिहावें. बरोबर आपल्या मनाची स्थितिहि एका शब्दांत लिहावी. आणि घरांतील सर्वांत उजळ जागीं त्या वेळीं कोण बसलें होतें, व सर्वांत अंधाऱ्या जागीं कोण काम करीत होतें, तेंहि.